दुबार धोंडीराम

यज्ञेश्वरकाकांनी अगदी सुरुवातीलाच विचारलं होतं, "हा जो तुमचा ढग आहे, तो नक्की असतो कुठे?"

मी म्हटलं, "मुंबईला. एका इमारतीत हजारो कॉम्प्युटर ठेवलेले असतात, त्यांच्यात."

"मग मुंबईला ठेवलंय असं म्हणा की. ढग कशाला म्हणता?"

नऊ वर्षं मी या कामात आहे. आमच्या पुण्याच्या कंपनीत दर सोमवारी बत्तीस माणसं तासभर याच विषयावर बोलतात, पण इतकं मुद्द्याचं अजून कोणी बोललेलं नाही. त्याच मिनिटाला मी हे काम अंगावर घेतलं. पुढे जे रामायण झालं त्याचं मूळ कारण एवढंच, की बऱ्याच वर्षांनी मला माझ्या कामाबद्दल कोणीतरी खरा प्रश्न विचारला होता.

एरवी विचारत नाहीत. मी बॅकएंड डेव्हलपर आहे, हे वाक्य मी आमच्या सोसायटीत आणि सासरी मिळून दोनशे वेळा तरी म्हटलं असेल. त्यावर "हो का, छान, घरबसल्या!" एवढंच उत्तर येतं. मोबाइलवर तुम्ही जे रंगीत बटण दाबता ते दुसऱ्याचं काम. दाबल्यावर तुमचीच माहिती शोधून, शेजाऱ्याची नव्हे तुमचीच, आणून देणं हे माझं काम. ते नीट झालं तर मी कोणाला दिसत नाही. बिघडलं की सगळ्यांना पहिली मीच आठवते. बाईमाणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही. म्हणून असेल, बी.ए. मराठी होऊनही कुकरच्या शिट्या मोजत मोजत मी ते यूट्यूबवर शिकू शकले.

तर काका. यज्ञेश्वरकाका म्हणजे माझे चुलत सासरे, रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. त्यांच्याकडे वंशावळीच्या सत्तावीस वह्या आहेत. तुम्ही गाव सांगा, आडनाव सांगा, काका दोन मिनिटांत तुमच्या खापरपणजोबांची सही तुमच्यासमोर ठेवतील. निदान ठेवायचे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू हाताबाहेर गेला आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली पुढच्या दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब. काकांनी ते ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे पुढच्या कुंभात मी घाटावर बसणार नाही?" डॉक्टरांकडे त्याला थेंब नव्हते. ज्याला वही वाचता येत नाही तो उपाध्या घाटावर बसून करणार काय? सत्तर वर्षांच्या माणसाचा सगळा मान त्या बसण्यात होता.

यावर आल्हादभाऊजींनी तोडगा काढला. आल्हाद म्हणजे काकांचा मुलगा. गंगापूर रोडला विमा विकतात, आणि पितृपक्षात धोतर नेसून वडिलांच्या शेजारी बसतात. वह्यांतली मोडी त्यांना वाचता येत नाही, पण आत्मविश्वास आहे. ते म्हणाले, "वहिनी, वह्या क्लाउडवर टाका. टॅबवर नाव टाकलं की वंशावळ समोर. बाबांना डोळ्यांची गरजच नाही, ते नुसते बसतील. तुमच्यासाठी दोन दिवसांचं काम."

माझ्या नऊ वर्षांत 'दोन दिवसांचं काम' या नावाने जे जे माझ्याकडे आलं, त्यातलं निम्मं अजून चालू आहे.

बातमी सोसायटीत पसरली, तसा सल्ल्यांना ऊत आला. वरच्या मजल्यावरचे शेखरराव छापखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि कागद सोडून कशावरच त्यांचा विश्वास नाही. ते मुद्दाम खाली येऊन म्हणाले, "ताई, एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. कागद जळतो, भिजतो, पण बंद पडत नाही." त्यांच्या सौभाग्यवती हर्षालीताईंचं मत वेगळंच. "इतकं काय त्यात? एक्सेलमध्ये टाकायचं. माझी नणंद टाकते. तिने अख्ख्या भिशीचं टाकलंय." मी समजावू लागले, की एका माणसाला बाप, त्या बापाला बाप, त्याच्या भावांना मुलं, हे भिशीसारखं नसतं. त्या म्हणाल्या, "मग तिलाच विचारू का?" या बाईंकडून मी दर संक्रांतीला वाण घेते, म्हणून गप्प बसले.

पहिली अडचण तंत्राची नव्हती, माझीच होती. क्लाउडचं खातं माझ्या नावाने उघडायचं होतं. माझ्या पॅनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत सासरचं नाव पण मधे वडिलांचं. क्लाउडवाल्या कंपनीने पत्र पाठवलं: सादर केलेली कागदपत्रं दोन भिन्न व्यक्तींची दिसतात. मी चॅटवर लिहिलं, दोन्ही मीच. उत्तर आलं, कृपया दोहोंपैकी एका व्यक्तीची निवड करा. पंचवीस वर्षांच्या संसारात असं स्पष्ट मला कोणी विचारलं नव्हतं. मी जरा विचारात पडले, हे कबूल करते.

शेवटी विवाह नोंदणीचा दाखला लागेल असं निघालं. तो आम्ही काढलेलाच नव्हता. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातल्या साहेबांनी फॉर्म दिला. त्यात 'नोंदणीस विलंबाचे कारण' अशी अर्धी ओळ होती. मी लिहिलं, 'राहून गेलं.' साहेब म्हणाले, "हे कारण होत नाही." मी म्हटलं, "खरं तेच आहे." ते म्हणाले, "खरं असेल हो, पण कारण होत नाही." शिवाय लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही समक्ष हवी. आमचं लग्न काकांनीच लावलेलं. म्हणून एका सकाळी मी त्यांना रिक्षात घालून नेलं. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "आपण?" काकांनी नाव सांगितलं, आणि उलट विचारलं, "आपलं मूळ गाव?"

"येवला."

"आडनाव?"

साहेबांनी सांगितलं. काकांनी काळा चष्मा वर सरकवला. "तुमचे आजोबा पायाने अधू. आईच्या अस्थी घेऊन आले होते, बरोबर थोरली बहीण. सही करताना पेन दोनदा घासायचे."

साहेब उभे राहिले. टेबलावरची दुसऱ्यांची फाईल बाजूला करून त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या फॉर्मवर विलंबाचं कारण लिहिलं. काय लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही. दहा मिनिटांत मी एक व्यक्ती झाले.

येताना रिक्षात मी म्हटलं, "काका, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं?"

"छे. वहीत नाव असतं. बाकीचं असतंच की."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा मनात माहितीच्या तक्त्यांची रचना करत होते.

गुढीपाडव्यापासून आषाढापर्यंत रोज दुपारी, नोकरीचे दोन तास रात्रीवर ढकलून, मी काकांकडे जायची. डाव्या हातात भिंग, उजव्या हाताचं बोट ओळीवर, नाक कागदाला टेकलेलं, असे काका मोडी वाचायचे आणि मी लॅपटॉपवर नागरीत टाइप करायची. गाव, आडनाव, नाव, वडिलांचं नाव. इंदिराकाकू मधून ताक आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हिला रोज टायपिंगला बसवता, हिचं घरचं काम कोण करतं?" मी दिवसाचे आठ तास नोकरी करते हे काकूंना माहीत आहे. पण त्यांच्या लेखी ती घरात होते, म्हणजे घरकामच.

वाचता वाचता काका बोलायचे फार. "लिही, कळवणचे. हा थोरला बरं का. ह्याच्या बायकोने नाकातली नथ गंगेत सोडली होती... पुढे लिही. हा धाकटा. हा सारखा हसायचा म्हणे." मी नाव टाइप करायची आणि बाकीचं ऐकायची. छान वाटायचं. माझ्या तक्त्यात 'थोरला-धाकटा' असा रकाना नव्हता, तेव्हा ते काका गप्पांच्या ओघात म्हणतात असं मी धरून चालले. दिवसाला दीडशे नावं. आषाढात शेवटच्या वहीचं शेवटचं पान झालं, तेव्हा काकांनी भिंग डब्यात ठेवलं. त्याच्या अर्धी ओळ आधीच दिसेनासं झालं होतं, ती अर्धी ओळ त्यांनी पाठ म्हटली होती, हे त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितलं.

एकूण नोंदी झाल्या चौदा हजार दोनशे बारा. आता यजमान जितक्या वेळा नाशिकला येतो तितक्या वेळा घरातली सगळी नावं पुन्हा लिहून घेतात. म्हणजे एकच माणूस चार-चार, पाच-पाच ठिकाणी. आमच्या धंद्यात याला दुबार नोंद म्हणतात, आणि दुबार नोंद ठेवणं हे ओट्यावर खरकटं ठेवण्यासारखं समजतात. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गाव एक, आडनाव एक, नाव एक, वडिलांचं नाव एक: चारही जुळलं की माणूस एकच. एका रविवारी सकाळी, कांदेपोह्यांवर झाकण ठेवून, मी तो चालवला. झाकण काढेपर्यंत तीन हजार एकशे बारा माणसं कमी झाली होती.

काकांना विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? चारही जुळत होतं. उलट मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "पोहे मस्त झालेत."

दरम्यान आल्हादभाऊजींनी कोणाकडून तरी पुढचा भाग करून घेतला, म्हणजे जो दिसतो तो. भगवं पान. नाव टाकलं की घंटा वाजते. वंशावळ दाबली की एकेक पिढी वर सरकते आणि प्रत्येक पिढीला एक घंटा. यजमानाचा टॅबवर फोटो काढायचा, तो आपोआप त्याच्या नोंदीला चिकटतो. आणि नोंदीतली व्यक्ती हयात नसेल, तर फोटोला आपोआप झेंडूचा हार पडतो. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी घाटावर नारळ फोडून उद्घाटन झालं. जो तो विचारत होता, घंटा कोणी बसवली? भाऊजींनी सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी माझ्याकडे हात केला, "आणि आमच्या वहिनी. संपूर्ण टायपिंग यांचं."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? काका मात्र खुश होते. डोळ्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळत होतं, पण ते आपल्या जागेवर, आपल्या पाटावर बसले होते. लोक येऊन वाकत होते. चार दिवस सगळं सुरळीत चाललं.

पंचमीला वणीहून गांगुर्डे आले. धोंडीराम नाथा गांगुर्डे, द्राक्षबागाईतदार, वय अठ्ठावन्नच्या आसपास. बरोबर त्यांची आई चतुराबाई, ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली पण आवाजात नाही. वडील नाथा जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांचं श्राद्ध करायचं होतं. मी त्या दिवशी रजा टाकून लॅपटॉपसह घाटावर होते. काही अडलं तर, म्हणून.

भाऊजींनी गाव, आडनाव, नाव टाकलं. "भाऊ, इकडे बघा जरा." फोटो काढला. घंटा वाजली.

टॅबवर धोंडीरामभाऊंचा ओला, उघडाबंब, नुकताच काढलेला फोटो आला आणि त्यावर वरून अलगद झेंडूचा हार पडला. खाली 'कैलासवासी'. त्याखाली लाल अक्षरांत: या व्यक्तीस विधी करता येणार नाही.

भाऊजी पडद्यावरचं वाचणारे गृहस्थ. पडद्यावर जे येतं ते ते गिऱ्हाईकाला नम्रपणे सांगतात. विम्यात तशीच पद्धत असते. ते म्हणाले, "तुम्हाला विधी करता येणार नाही असं दाखवतंय."

"का बरं, गुरुजी? सुतक नाय, काय नाय."

"तुम्ही हयात नाही."

धोंडीरामभाऊंनी खाली स्वतःकडे एकदा पाहून घेतलं. "मी तर हितं उभा हाय की. सकाळी वणीहून गाडी मीच चालवत आलो."

"ते बरोबर आहे हो, पण नोंदीत..."

"नोंदीत काय? परवा सोसायटीचं मतदान केलं मी!"

तोवर चतुराबाईंनी टॅब हिसकावून डोळ्यांजवळ धरला होता. "आरं, ह्यो तर माझा धोंडू! आन् ह्यो हार? जित्या लेकाला हार घातला? बापाचं करायला आणलं त्याला, आन् तुमी त्यालाच बापाच्या पंगतीला बसवलं? कोणी घातला रं हार?"

भाऊजींनी, उपाध्ये आळीतल्या चार जणांनी, आणि नारळवाल्यानेसुद्धा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आजी, हार माझा नाही. मी मागचं बघते."

हे तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक होतं आणि त्या क्षणी इतकं निरुपयोगी वाक्य मराठीत दुसरं नसेल.

भाऊजींनी सारवासारव करायला टॅब परत घेतला आणि 'वंशावळ' दाबलं. घंटा: नाथा धोंडीराम. घंटा: धोंडीराम नाथा. घंटा: नाथा धोंडीराम. घंटा: धोंडीराम नाथा. पिढ्या वर सरकू लागल्या आणि थांबेचनात. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. घंटा अखंड वाजत राहिली. पलीकडच्या घाटावरच्या गुजराती यात्रेकरूंना आरती सुरू झालीसं वाटून ते उठून उभे राहिले. कोणीतरी मोबाइल काढून शूटिंग करू लागलं. धोंडीरामभाऊ डोळे विस्फारून बघत होते. "आमी इतके जुने हाय व्हय?" ते हळूच म्हणाले.

मला मात्र चौथ्या घंटेलाच कळलं होतं. आणि कळल्यावर पायाखालच्या पायऱ्या सरकल्या.

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. धोंडीरामचा मुलगा नाथा. नाथाचा मुलगा पुन्हा धोंडीराम. धोंडीराम नाथा आजोबा आणि धोंडीराम नाथा नातू. गाव एक, आडनाव एक, नाव एक, वडिलांचं नाव एक. चारही जुळतं. माझ्या प्रोग्रॅमने आजोबा आणि नातू यांचा एकच माणूस केला होता, आजोबांच्या मृत्यूची तिथी त्याच्या गळ्यात घातली होती, आणि तो माणूस आता स्वतःच्याच बापाचा बाप होऊन गोल गोल फिरत होता. परदेशी माणसाने ही चूक केली असती तर अज्ञानात खपली असती. पण माझ्या स्वतःच्या पुतण्याला माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. त्याच्या बारशाला पाळण्याची दोरी मी ओढली आहे!

मी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. वापरातल्या माहितीची जुनी प्रत मी कायम जपून ठेवते; तेवढी शिस्त यूट्यूबनेही शिकवली आहे. सतरा मिनिटांत तीन हजार एकशे बारा माणसं मी परत आणली. घंटा थांबली. आजवरच्या नोकरीत इतकं चोख काम मी केलेलं नाही, आणि ते एकाही माणसाने पाहिलं नाही, कारण सगळे धोंडीरामभाऊंच्या अंगावर तीर्थ शिंपडत होते. आता पडद्यावर धोंडीराम नाथा गांगुर्डे नऊ वेळा आले. एकाखाली एक, तंतोतंत सारखे. त्यातला जिवंत कोणता, हे सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. ते रोज दुपारी मला सांगितलं जात होतं, आणि मी ताक पीत होते.

"वणीचे गांगुर्डे ना?" पाटावरून काका म्हणाले. इतका वेळ त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "खालच्या आळीचे. थोरला धोंडीराम, त्याचा बाप नाथा मानमोडीच्या साथीत गेला. तेव्हा पोर नऊ वर्षांचं, मामाच्या खांद्यावर बसून आलं होतं इथे. मग त्याचा मुलगा नाथा. तो तुझा बाप. सही डाव्या हाताने करायचा. धाकटा धोंडीराम तू. पहिल्यांदा आलास तेव्हा पायऱ्यांवरून घसरून कपाळाला खोक पडली होती. आहे अजून?"

धोंडीरामभाऊंनी केस वर केले. खूण होती.

चतुराबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "डावखुरे व्हते ते. जेवताना समद्यांची बोलणी खायचे."

श्राद्ध यथासांग झालं. नाथा, त्याचा बाप धोंडीराम, त्याचा बाप नाथा. जाताना म्हातारीने काकांच्या पायावर डोकं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, "गुरुजी, पुढच्या साली बी तुमीच बसा. ही पाटी घरी राहू द्या." मला इतकं बरं वाटलं की मी ती पाटी तिथेच गंगेत सोडली असती.

पण शूटिंग सुटलं होतं. संध्याकाळपर्यंत हार, घंटा आणि "तुम्ही हयात नाही" हे सगळं शहरभर फिरलं. शेखररावांनी ते मला दोनदा पाठवलं. दुसऱ्यांदा बहुतेक चुकून. दुसऱ्या दिवशी काकांकडे बैठक बसली: भाऊजी, काकू, माझा नवरा, मी. काका खिडकीशी.

भाऊजींनी तयारी केली होती. कुंभाच्या आधी घाटावरचे आणखी तिघे उपाध्ये ही व्यवस्था घेणार होते, त्यांना भाऊजींनी शब्द दिला होता. तेव्हा व्यवस्थेत चूक असणं शक्यच नव्हतं. "सिस्टिम उत्तम आहे," ते म्हणाले. "वहिनींचं टायपिंगही चोख. प्रश्न वाचण्याचा आहे. बाबांचे डोळे... सगळ्यांना माहीतच आहे. कुठेतरी एकाचं दुसऱ्याला वाचलं गेलं. कोणाचा दोष नाही. पण आता लोक हसतायत, त्यात बाबांनी तिथे बसायचं म्हणजे... वय झालं. आता त्यांनी घरी आराम करावा. मी आणि टॅब बघतो."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तेवढ्यात काकूंनी चहाचा कप पुढे केला आणि मी आधी कप घेतला. बशी खाली ठेवीपर्यंत उशीर झाला होता.

"असेल," काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "झालं असेल माझ्या वाचण्यात."

"नाही!" मी म्हटलं. "काकांनी सगळं बरोबर वाचलं. थोरला, धाकटा, प्रत्येक वेळी सांगितलं. मी ते घेतलंच नाही. दुबार काढायचा प्रोग्रॅम माझा होता, नियम चुकीचा होता, चूक माझी आहे." आणि पुरावा म्हणून मी लॅपटॉप उघडून त्यांना तो प्रोग्रॅम दाखवला. चाळीस ओळी. तिघांनी वाकून पाहिल्या, जसं एक्स-रेकडे पाहतात.

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "किती गं सांभाळून घेतेस त्यांना! सून असावी तर अशी."

"काकू, मी खरं सांगतेय."

"कळतंय गं आम्हाला."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचा मोठेपणा." माझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. पंचवीस वर्षांत त्या घरात माझं पहिलं कौतुक झालं ते मी खोटं बोलतेय असं वाटून, आणि ते मला शेवटपर्यंत परत करता आलं नाही. काकांनी तेवढा चहा संपवला. खरं काय ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ते दोघांनाही उपयोगाचं नव्हतं.

षष्ठीपासून काका घाटावर गेले नाहीत. त्यांच्या पाटावर आता टॅबचा स्टँड असतो. हार काढून टाकला आहे. घंटा लोकांना आवडते म्हणून ठेवली.

मी मात्र यादी काढली. आजोबा-नातू असा घोळ होऊ शकेल अशी सहाशे चाळीस नावं निघाली. ती घेऊन पुन्हा रोज दुपारी काकांकडे जाऊ लागले. या वेळी तक्त्यात रकाना केला होता. मी वाचायची, ते डोळे मिटून सांगायचे. थोरला. धाकटा. हा मधला, लहानपणीच गेला. हे दोघे वेगळे, एकाला दाढी होती. एकही अडलं नाही. दिवसाला साठ नावं. प्रत्येक उत्तराबरोबर टॅब जरा शहाणा होत होता, म्हणजे त्याला काकांची गरज आणखी एका नावाने कमी होत होती. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तरी मी टाइप करत होते, कारण काम अर्धवट टाकणं मला जमत नाही.

अकराव्या दिवशी यादी संपली. काका पाठ टेकून बसले होते, हात मांडीवर. "पुढे?" ते म्हणाले.

मी पडद्याकडे पाहिलं. खाली काही नव्हतं.

"उद्या," मी म्हटलं. "अजून बरीच आहेत."

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ते धुतलेला सदरा घालून तयार बसले होते. मी तीच यादी वरून उघडली. "कळवण. पवार. गणपत रामजी."

स्वयंपाकघरातून काकूंच्या ताक घुसळण्याचा आवाज येत होता.

"हा झालाय," ते म्हणाले.

मी बोट खालच्या नावावर नेलं.

"असू दे. थोरला तो. पुढचा वाच."